'मर्यादा' या मथळ्याखालची माणसं

१

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी संध्याकाळी अभ्यासवर्ग भरतो. पंधरा-वीस पोरंपोरी येतात. त्यातले निम्मे स्पर्धा परीक्षेच्या वाटेला लागलेले. एकदा विषय ठरला, प्लेटो ते मार्क्स. एका पोरानं गाईड आणलं होतं. उभा राहिला आणि घडाघडा वाचू लागला. ॲरिस्टॉटल, राज्यशास्त्राचा जनक. जन्म इसवी सन पूर्व ३८४. ग्रंथ 'पॉलिटिक्स'. मग राज्याची व्याख्या, राज्यघटनांचे सहा प्रकार, क्रांतीची कारणं, मध्यमवर्गाचं महत्त्व. सगळं मुद्देसूद. शेवटी एक मथळा आला, 'मर्यादा'. त्याखाली चौथा मुद्दा : गुलामगिरीचे समर्थन. अर्धी ओळ. पोरगा ती अर्धी ओळ वाचून खाली बसला.

मागच्या सतरंजीवरून एका पोरीनं विचारलं, "दादा, समर्थन केलं म्हंजे काय केलं? काय म्हणाला तो?"

कुणालाच सांगता येईना. मलाही येईना. ॲरिस्टॉटलवर मी तोवर दोनदा भाषण ठोकलेलं होतं. ते दुसऱ्याच कुणाच्या पुस्तकावरून. मूळ ग्रंथाचं पहिलं पानही मी उघडलेलं नव्हतं. हा लेख त्या लाजेतून लिहितोय.

मग मूळ ग्रंथ मिळवला, इंग्रजीतला. डिक्शनरी मांडीवर घेऊन त्यातला पहिला भाग वाचला. चार रविवार गेले. तेव्हा कळलं की गाईडवाल्यानं जे 'मर्यादा' म्हणून शेवटी ढकललंय ते ॲरिस्टॉटलनं सुरुवातीलाच मांडलंय. पाया म्हणून. राज्य घरांचं बनतं आणि पुरतं घर म्हणजे त्यात मालकही आला आणि गुलामही आला, असा त्याचा हिशेब. आता घराच्या पायाला घराची मर्यादा कोण म्हणतं?

मित्रांनो, माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. राजकीय तत्त्वज्ञानाचे हे मोठे ग्रंथ टाळू नका. पाठही करू नका. गाईडातल्या त्या अर्ध्या ओळीपासून वाचायला लागा.

२

आपल्यात दोन तऱ्हेचे लोक आहेत. एक म्हणतो, प्लेटो काय आणि रूसो काय, गोऱ्यांचे ग्रंथ, आपल्याला त्यांचं काय? आपल्याला बाबासाहेब पुरेसे आहेत. दुसरा म्हणतो, प्रश्न पंधरा मार्कांना येतो, पाठ करा आणि मोकळे व्हा. पहिला स्वतःला जहाल समजतो, दुसरा हुशार. दोघांनीही ग्रंथ उघडलेला नसतो.

पहिल्याला मी विचारतो, बाबासाहेब पुरेसे आहेत ना, मग त्यांनी काय वाचलं ते तरी बघ. १९१३ ते १९१६ कोलंबियात ते काय करत होते? 'जातिसंस्थेचे उच्चाटन' मध्ये प्लेटो येतो, बर्क येतो, ड्यूई येतो. हे काय शोभेला आणलेत? लाहोरच्या मंडळानं १९३६ साली भाषण रद्द केलं तेव्हा बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. त्यात प्लेटोशी भांडण आहे. ते भांडण समजायचं तर प्लेटो काय म्हणाला ते नको का कळायला? शासनानं १९७९ पासून बाबासाहेबांचे खंड काढले. आपण ते विकत घेतले, काचेच्या कपाटात ठेवले, जयंतीला हार घातला. पोथीला सोवळ्यात गुंडाळणारे आणि खंडाला काचेत ठेवणारे यांच्यात फरक काय राहिला?

दुसऱ्याला काही विचारत नाही. त्याला नोकरी लागली पाहिजे. घरी म्हातारी वाट बघतीय. पण भावा, पंधरा मार्कांसाठी जे पाठ करतोस ते तुझ्याबद्दलच लिहिलेलं आहे, एवढं तरी ध्यानात ठेव.

३

तर ॲरिस्टॉटल काय म्हणाला? अवजारं दोन जातीची. एक निर्जीव, एक सजीव. जहाजाचं सुकाणू निर्जीव अवजार, पुढं उभा राहून नजर ठेवणारा माणूस सजीव अवजार. गुलाम म्हणजे घरातलं सजीव अवजार. तो मालकाचाच एक भाग, आणि तो स्वतःचा नसतो. त्याच्यात अक्कल किती? दुसऱ्यानं सांगितलेलं कळण्यापुरती. स्वतः ठरवण्यापुरती नाही. काही माणसं जन्मतःच हुकूम करायला असतात, काही पाळायला. निसर्गानंच तसं केलंय.

इथं थांबून वर्गात पोरांना विचारलं, हे कुठं ऐकलंय? सगळी हसली. कडू हसू.

पण ग्रंथ नीट वाचला की आणखी दोन गोष्टी दिसतात. त्या कुठल्या गाईडात नसतात.

पहिली गोष्ट. ॲरिस्टॉटल म्हणतो, निसर्गाचा हेतू असा की गुलामाचं अंग राबायला दणकट करावं आणि स्वतंत्र माणसाचं ताठ, राबायला निरुपयोगी पण राज्यकारभाराला योग्य. आणि लगेच कबूल करतो की बऱ्याचदा उलटंच होतं. म्हणजे गुलामाला स्वतंत्र माणसाचं अंग मिळतं! अरे, मग ओळखायचं कसं? निसर्गानं शिक्का मारलाय म्हणतोस आणि शिक्का दिसत नाही म्हणतोस. एवढा तर्कशास्त्राचा बाप माणूस, पण इथं त्याचा पाय घसरतो. कारण इथं तो विचार करत नाहीय, वकिली करतोय. अथेन्सला लॉरियनच्या चांदीच्या खाणी होत्या. त्यात गुलाम राबत होते. त्या चांदीवर आरमार उभं होतं. वकिली कुणाची होती ते कळायला फार अक्कल लागत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपली बाजू मांडण्याआधी तो सांगतो की काही लोकांचं मत वेगळं आहे. त्यांच्या मते एक गुलाम आणि दुसरा स्वतंत्र हा भेद निव्वळ कायद्यानं केलेला आहे. निसर्गात तो नाही. तो जबरदस्तीवर उभा आहे म्हणून अन्याय आहे.

हे वाचलं आणि मी पुस्तक खाली ठेवलं. कोण होते हे लोक? ॲरिस्टॉटल नाव देत नाही. पण ते होते. त्याच्या काळात होते, त्याच्या गावात त्यांचं बोलणं चालू होतं, आणि ते इतकं जोरात होतं की त्याला उत्तर द्यावं लागलं. आता कुणी प्राध्यापक म्हणाला की "त्या काळाच्या चौकटीत बघा, तेव्हा सगळेच तसं मानत होते", तर त्याला हे पान दाखवा. सगळे मानत नव्हते. न मानणाऱ्यांचे ग्रंथ शिल्लक राहिले नाहीत, एवढंच. ग्रंथ कुणाचे शिल्लक राहतात आणि कुणाचे राहत नाहीत हेही राजकारणच आहे.

आता शेजारी मनू ठेवा. आठवा अध्याय. तिथं म्हटलंय की शूद्राला मालकानं सोडून दिलं तरी तो दास्यातून सुटत नाही, कारण दास्य त्याला 'निसर्गज' आहे. जे निसर्गानंच आलं ते कोण काढणार? शब्द बघा. निसर्गज. तिकडं ग्रीसमध्ये निसर्ग, इकडंही निसर्ग. दोघांनी एकमेकांना पत्रं लिहिली नव्हती. दोघांची गरज एक होती.

फरकही बघा, कारण टीका म्हणजे सगळ्यांना एकाच काठीनं हाणणं नव्हे. ॲरिस्टॉटल त्याच ग्रंथात पुढं, सातव्या भागात, म्हणून जातो की गुलामांना बक्षीस म्हणून स्वातंत्र्याची आशा दाखवावी. आता निसर्गानंच जो गुलाम त्याला बक्षिसात स्वातंत्र्य कसं? पुन्हा पाय घसरला. पण घसरताना दार किलकिलं राहिलं. मनूनं दाराला कुलूप घातलं आणि किल्लीही ठेवली नाही. गुलाम आणि अस्पृश्य यांची तुलना करताना बाबासाहेब नेमकं हेच दाखवतात. गुलाम सुटू शकत होता. मालकाचे त्याच्यात पैसे गुंतलेले, म्हणून मालक त्याला निदान जगवायचा. अस्पृश्याचं काम सगळ्या गावाला पाहिजे आणि त्याची जबाबदारी कुणावरच नाही.

४

प्लेटोकडं येऊ. 'रिपब्लिक' मध्ये तीन वर्ग. वर राज्य करणारे, मग लढणारे, मग शेती-कारागिरी करणारे. लोकांनी हे मान्य करावं म्हणून एक कहाणी सांगायची : देवानं कुणाच्या मातीत सोनं मिसळलं, कुणाच्या चांदी, कुणाच्या लोखंड-पितळ. गंमत अशी की ही कहाणी खोटी आहे हे प्लेटो स्वतःच सांगतो. ग्रंथातला सॉक्रेटिस ती सांगताना अडखळतो, त्याला संकोच वाटतो. आमच्याकडं मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांची कहाणी सांगणाऱ्यांना असा संकोच वाटल्याचं ऐकिवात नाही.

न्यायानं आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. लोखंडाच्या घरात सोन्याचं पोर जन्मलं तर त्याला वर न्यावं, सोन्याच्या घरात लोखंडाचं निपजलं तर खाली ढकलावं, असं प्लेटो म्हणतो. आणि राज्य करणाऱ्यांत बायाही असतील म्हणतो. ॲरिस्टॉटल पुढं बायांची ठरवण्याची अक्कलच अधिकाराविना आहे म्हणाला, तो त्याचाच शिष्य.

आपल्यातले काही जण इथं फसतात. म्हणतात, बघा, जन्मावर नाही, गुणावर आहे, मग वाईट काय? चातुर्वर्ण्याची वकिली करणारे आर्यसमाजी १९३६ साली हेच म्हणत होते, वर्ण जन्मानं नाही, गुणकर्मानं. बाबासाहेबांनी प्लेटोला धरून त्यांना उत्तर दिलं. त्यांचा मुद्दा असा, माणसं तीन किंवा चार डब्यांत मावत नाहीत. प्रत्येक माणूस वेगळा, एकेका माणसात कित्येक ओढी. डबे जन्मानं भरा नाहीतर गुणानं, डबा हाच खोटा आहे. आणि डब्यात माणूस ठेवायचा तर दंडुका लागणारच. म्हणून तर शंबूकाचं डोकं उडवावं लागलं. प्लेटोचं नाव पुढं करून बाबासाहेब लाहोरच्या सुधारकांशी बोलत होते. ग्रंथ वाचायचा तो असा.

५

आता दोन हजार वर्षं ओलांडतो. मधल्या काळात चर्चचे लोक, राजांचे लोक, ॲरिस्टॉटल पुढं करून पुष्कळ धंदे केले गेले. १६५१ मध्ये इंग्लंडचा हॉब्ज 'लेव्हायथन' लिहितो आणि त्या म्हाताऱ्याला सरळ भिडतो. म्हणतो की ॲरिस्टॉटलनं काही जण जन्मतः हुकूम करायला लायक ठरवले, म्हणजे शहाणे लोक, आणि शहाण्यांत त्यानं स्वतःला धरलं. काय टोला आहे! आणि हॉब्जची समानता आली कुठून? दयेतून नाही. सगळ्यात दुबळा माणूसही सगळ्यात दांडग्याला मारू शकतो, कपटानं किंवा चारजण मिळून, म्हणून सगळे सारखे. भीतीतून आलेली समानता. मला ती दयेच्या समानतेपेक्षा खरी वाटते. पण पुढं हॉब्ज ही सगळी समानता गोळा करून एका सार्वभौम सत्तेच्या पायाशी ओततो. भीतीनं सुरू झालं की शेवट तिथंच होतो.

मग लॉक. १६८९ चा. घटनावाल्यांचा लाडका. जीवित, स्वातंत्र्य, मालमत्ता. मालमत्ता कशी होते? माणूस स्वतःच्या देहाचा मालक, देहाच्या कष्टाचा मालक. जमिनीत कष्ट मिसळला की जमीन त्याची. वाचताना अंगावर काटा येतो. अरे, हे तर आमचंच म्हणणं! कसेल त्याची जमीन! पण घाई करू नका, त्याच प्रकरणात खाली या. लॉक म्हणतो, माझ्या घोड्यानं खाल्लेलं गवत, माझ्या नोकरानं कापलेली माती आणि मी खणलेलं खनिज हे माझं.

पुन्हा वाचा. माती कापली नोकरानं, मालक झाला लॉक. घोडा आणि नोकर एका ओळीत बसवलेत. कष्टातून मालकी येते म्हणणाऱ्या ग्रंथात कष्ट करणारा त्याच वाक्यात गायब होतो. आमच्या गावच्या सालदाराला हे वाक्य वाचून दाखवायची गरज नाही. त्यानं ते वर्षानुवर्षं पाठीवर वागवलंय. आणि हा लॉक आफ्रिकेतून गुलाम नेणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा भागधारक होता. १६६९ ची कॅरोलिना वसाहतीची घटना त्याच्या हाताखालून गेली. तिच्यात निग्रो गुलामावर मालकाची पूर्ण सत्ता लिहिलेली आहे.

मग लॉक जाळायचा का? नाही. त्याच लॉकनं एक अट घातलीय की दुसऱ्यांना पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे. ही अट घेऊन दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाकडं बघा. मराठवाड्यात गायरान कसणाऱ्या माणसाकडं बघा. तो पिढ्यान्पिढ्या त्या मातीत कष्ट मिसळतोय आणि कागदावर त्याचं नाव अतिक्रमणवाला. लॉकचा अर्धा भाग आपल्या बाजूचा साक्षीदार आहे, अर्धा विरुद्ध बाजूचा. उलटतपासणी आपण घ्यायची.

रूसो घड्याळजीचा पोरगा. म्हणूनच की काय, त्याला खालून दिसतं. १७५५ मध्ये तो विषमतेचं मूळ शोधतो ते जमिनीला कुंपण घालणाऱ्या पहिल्या माणसाजवळ. १७६२ मध्ये 'सामाजिक करार'. त्यात ॲरिस्टॉटलला दिलेलं उत्तर मला सगळ्यात मोठं वाटतं. तो म्हणतो, ॲरिस्टॉटल बरोबर बघत होता, पण कार्य हेच कारण समजला. गुलामीत जन्मलेला गुलामीसाठीच जन्मतो, हे खरं. बेड्यांत माणूस सगळं गमावतो, सुटायची इच्छासुद्धा. पण निसर्गानं गुलाम दिसतात कारण आधी निसर्गाविरुद्ध जबरदस्तीनं गुलाम केले गेले.

चळवळीत काम करणाऱ्यानं हे समजून घेतलंच पाहिजे. वस्तीत गेल्यावर आपल्याला जी उदासी भेटते, "जाऊ द्या साहेब, आपलं असंच असतंय" म्हणणारा जो म्हातारा भेटतो, त्याच्यावर चिडू नका. तो मूळचा तसा नाही. त्याला तसा केलाय.

जिनिव्हाच्या सरकारनं हा ग्रंथ जाळला. आपणही एक ग्रंथ जाळलाय, २५ डिसेंबर १९२७ ला महाडला. तिथल्या भाषणात बाबासाहेबांनी आपल्या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रान्समधल्या सभेशी केली होती. सत्ता ग्रंथ जाळते तेव्हा प्रश्न जाळायचा असतो. महाडला जाळला तो हुकूम.

पण रूसोलाही आपला प्रश्न विचारा. त्याच वेळी फ्रान्सच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटांवर उसाच्या मळ्यांत हजारो काळे गुलाम मरत होते. गुलामगिरी बेकायदा ठरवणाऱ्या प्रकरणात त्या मळ्यांचं नाव येत नाही. ते नाव त्या गुलामांनीच इतिहासात घातलं. १७९१ ला सें-दोमिंगमध्ये उठले, नेपोलियनच्या फौजेला पाणी पाजलं, १८०४ ला हैती स्वतंत्र केलं. माझ्या मते रूसोच्या ग्रंथाचं ते राहिलेलं प्रकरण आहे.

कॉर्सेट शिवणाऱ्याचा पोरगा टॉमस पेन. त्याचं 'राइट्स ऑफ मॅन' १७९१-९२ चं. ते जोतीरावांनी वाचलं. आणि १८७३ ला 'गुलामगिरी' लिहिली, ती अर्पण केली अमेरिकेत निग्रोंची गुलामी मोडणाऱ्या सज्जनांना. पेनपासून जोतीरावांपर्यंत ही वाट आपलीच आहे. ती गाईडात नाही, कारण गाईडात जोतीराव 'समाजसुधारक' या दुसऱ्या पुस्तकात टाकलेत.

६

मार्क्सबद्दल आपल्यात इतकी भांडणं झालीत की कुणी ग्रंथ काढतच नाही, नुसत्या बाह्या सरसावतात. मी एकच जागा दाखवतो. 'कॅपिटल' (१८६७) च्या पहिल्याच प्रकरणात ॲरिस्टॉटल येतो. ॲरिस्टॉटलनं म्हटलेलं, पाच खाटा बरोबर एक घर. पण खाट आणि घर सारखं कशात, हे त्याला सांगता आलं नाही. मार्क्स म्हणतो, सारखं होतं ते माणसाचं श्रम. पण ग्रीक समाज गुलामांच्या श्रमावर उभा, माणसं सारखी नाहीत हे तिथं गृहीत, मग श्रम सारखे आहेत हे त्याला दिसणार कसं?

हे वाक्य आपल्या गावात आणा. मेलेलं ढोर ओढणं, निरोप घेऊन पळणं, स्मशानाचं काम. याची किंमत काय? बलुत्यातली भाकर. ब्राह्मणानं पूजा सांगितली तर दक्षिणा, आम्ही राबलो तर भीक. माणूस सारखा नाही म्हणून त्याचा श्रम सारखा नाही. मार्क्सनं ॲरिस्टॉटलच्या डोळ्यावरची पट्टी दाखवली, ती आपल्याकडं अजून सुटलेली नाही.

आणि मार्क्सच्या डोळ्यावर? १८५३ साली १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. त्याच वर्षी मार्क्सनं न्यूयॉर्कच्या पेपरात लिहिलं की रेल्वेतून येणारे नवे उद्योग जातींच्या मुळाशी असलेली वंशपरंपरेची श्रमविभागणी मोडून टाकतील. उद्योग आले. मुंबईत गिरण्या आल्या. आणि विणखात्यात अस्पृश्याला मज्जाव. कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, विटाळ होतो. जास्त पगार त्याच खात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांना हे कामगार पुढाऱ्यांपुढं मांडावं लागलं.

इथं मला पुन्हा ॲरिस्टॉटल आठवला. तो म्हणाला होता, धोटा आपोआप विणू लागला तर मालकाला गुलाम लागणार नाही. मुंबईत धोटा वाफेवर चालू लागला. आणि त्या धोट्याला हात लावायलाही आपल्याला बंदी! यंत्र आलं, गुलामाची गरज बदलली, विटाळ तसाच राहिला. बाबासाहेब जेव्हा म्हणाले की जात ही नुसती कामाची विभागणी नाही, काम करणाऱ्यांची विभागणी आहे, तेव्हा ते मार्क्सच्या वाक्याला राहिलेला अर्धा भाग जोडत होते. १९३८ ला मनमाडला रेल्वे कामगारांपुढं त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. दोन. एक म्हणणाऱ्या दोन्हीकडच्या मंडळींनी हे मोजून घ्यावं.

७

आता कुणी म्हणेल, हे सगळं पश्चिमेचं. आपलं काय? आपलं आहे. दीघनिकायातलं अग्गञ्ञसुत्त काढा. ब्राह्मण घरातले दोन तरुण, वासेठ्ठ आणि भारद्वाज, बुद्धाकडं आलेत. जातवाले त्यांना शिव्या घालतायत, ब्रह्मदेवाच्या मुखातून जन्मून मुंडक्यांत गेलात म्हणून. बुद्ध सांगतात, ब्राह्मणांच्या बायकाही गरोदर राहतात, बाळंत होतात, मुखाचं काय घेऊन बसलात? मग राज्य कसं आलं ते सांगतात. लोकांनी भात साठवला, शेतांच्या हद्दी घातल्या, चोरी आली, मारामारी आली. मग सगळे जमले, आपल्यातलाच एक निवडला, त्याला भाताचा वाटा कबूल केला. तो महासंमत. लोकांनी संमती दिलेला.

मनूच्या सातव्या अध्यायात राजा देवांच्या अंशातून घडवलेला आहे. सुत्तात तो लोकांनी नेमलेला, भाताच्या वाट्यावर ठेवलेला माणूस आहे. हॉब्ज-रूसोच्या आधी दोन हजार वर्षं. ३ ऑक्टोबर १९५४ ला आकाशवाणीवर बाबासाहेबांनी सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता हे मी फ्रेंच क्रांतीकडून उसनं घेतलेलं नाही, माझ्या गुरूकडून, बुद्धाकडून घेतलं. त्याचा अर्थ इथं लागतो.

पण मित्रांनो, "सगळं आमच्याकडं आधीच होतं" हे म्हणायला लागलो की आपण त्यांच्याच शाखेत जाऊन बसलो. जो प्रश्न ॲरिस्टॉटलला विचारला तो आपल्या ग्रंथालाही विचारायचा. विनयपिटकात नियम आहे की दासाला प्रव्रज्या देऊ नये. कर्जबाजाऱ्याला देऊ नये, राजाच्या सैनिकाला देऊ नये. म्हणजे संघाचं दार न्हावी उपालीला उघडलं, मैला उचलणाऱ्या सुनीताला उघडलं, आणि मालक ज्याच्यावर हक्क सांगतो त्या दासापुढं अडलं. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा एक कार्यकर्ता उठून गेला. म्हणाला, विहारात बसून असलं बोलता?

होय, विहारातच बोलायचं. बुद्धानं मी सांगतो म्हणूनसुद्धा मानू नका म्हटलं, हे आपण दर पौर्णिमेला सांगतो. मग एकदा ते करून बघू. नियमामागं मगधाच्या राजाचा, मालकांचा दाब होता. संघ त्या जगात जगत होता. एवढं समजून घेतलं की श्रद्धा कमी होत नाही. आपल्या हातात राहिलेलं काम किती, ते कळतं.

८

शेवटी बाबासाहेबांची एक रीत सांगतो. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनासमितीत मसुदा मांडताना त्यांनी ग्रोटचा आधार घेतला. ग्रोट अथेन्सचा इतिहासकार. संविधानिक नीती हा शब्द तिथून आणला. २५ नोव्हेंबर १९४९ ला मिलचा इशारा आणला, की माणूस कितीही मोठा असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका. ग्रोटचं अथेन्स गुलामांवर उभं होतं हे बाबासाहेबांना माहीत नव्हतं? मिल पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीत नोकरीला होता आणि त्याच्या 'ऑन लिबर्टी' (१८५९) तलं स्वातंत्र्य मागासलेल्या समाजांना लागू नव्हतं, हे माहीत नव्हतं? सगळं माहीत होतं. मालकाच्या घरातली पहार उचलायची आणि त्याच्याच भिंतीला लावायची, ही ती रीत.

तर आमच्या वर्गात आता असं ठरलंय. एका महिन्यात एक ग्रंथ नाही, एक प्रकरण. मोठ्यानं वाचायचं, इंग्रजी असेल तर वाक्य-वाक्य मराठीत सांगायचं. मग तीन प्रश्न. या ग्रंथात काम कोण करतं? ठरवायला जे बसलेत त्यात कोण नाही? आणि ज्याला बाहेर ठेवलंय त्याला कुठल्या शब्दानं ठेवलंय? निसर्ग, देव, कायदा, परंपरा, की आणखी काही? तिसऱ्या प्रश्नाला पोरं सगळ्यात जास्त बोलतात. कारण 'निसर्गज' हा शब्द आता कुणी वापरत नाही. आता 'गुणवत्ता' म्हणतात. आणि २०१३ चा कायदा असूनही गटारात उतरून मरणारा माणूस कुठल्या घरातला असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. सजीव अवजार. अजून चालू आहे.

ते गाईडवालं पोरगं अजून येतं. परीक्षा जवळ आलीय, गाईड सोडणं त्याला परवडत नाही, आणि सोड असं मीही म्हणत नाही. परवा त्याचं गाईड चाळलं. 'मर्यादा' हा मथळा त्यानं पेनानं खोडला होता. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं : पाया. आणि समासात एक प्रश्न : "ज्यांनी विरोध केला त्यांची नावं काय?"

परीक्षेत याला मार्क नाहीत. पुढच्या वर्गाचा विषय हाच ठेवलाय.

जय भीम.